पडदादीचे तीन निकाह

जात पडताळणीच्या अर्जाला वंशावळ जोडावी लागते. घरातलं कोणी इंजिनिअरिंगला किंवा फार्मसीला लागलं असेल तर तुम्हाला हा प्रकार ठाऊक असेल. अर्जदार, त्याचे वडील, आजोबा, पणजोबा, बाजूच्या फांद्यांवर चुलते आणि चुलत आजोबा, खाली प्रतिज्ञापत्र. आम्ही तांबोळी, म्हणजे ओबीसी. १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा हवा. पुतण्याच्या वेळी हे काम माझ्याकडे आलं. घरात उर्दू आणि मराठी दोन्ही जुनी हस्ताक्षरं लावणारी मी एकटी, शिवाय शिक्षकांना सुट्ट्या फार असतात असा एक समज आहे.

वंशावळ तयार झाली. पाच पिढ्या, एकोणीस माणसं, सगळे पुरुष. कागदावरून पाहिलं तर आमच्या खानदानात पुरुषांनाच पुरुष होत आले. पडताळणीचं काम तेवढ्यावर भागलं, प्रमाणपत्र मिळालं, मुलगा कॉलेजात गेला. माझं मात्र भागलं नाही. पुरावे गोळा करताना हाती आलेल्या एका फेरफारात एक बाई होती आणि पुढच्या फेरफारात ती नव्हती.

ही बाई माझ्या दादांची आई. (आमच्यात दादा म्हणजे वडिलांचे वडील, थोरला भाऊ नव्हे.) नात्यानं ती आमची पडदादी. घरात तिच्याबद्दल एवढंच ऐकलेलं, की मानमोडीत पडदादा गेले, मागोमाग पडदादीही गेली आणि पोरक्या दादांना चुलत्यानं वाढवलं. मानमोडी म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएंझा. त्या साथीनं म्हाताऱ्यांपेक्षा तरुण, धडधाकट माणसं जास्त नेली. घराघरांत विधवा आणि विधुर मागे राहिले. त्यामुळे या गोष्टीवर शंका घ्यावी असं काही नव्हतं.

आमचं गाव तासगाव तालुक्यातलं. आज जिल्हा सांगली, पण त्या काळात सातारा. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. जुने कागद शोधणाऱ्यानं हे ध्यानात ठेवावं, नाहीतर दप्तर एका जिल्ह्यात आणि आपण दुसऱ्याच्या रांगेत. तहसीलच्या अभिलेख कक्षातून गावच्या फेरफार नोंदींच्या नकला काढल्या. नोंदी मोडीत. मोडी वाचणारे एक निवृत्त शिक्षक ओळखीचे निघाले, त्यांनी वाचून दिल्या आणि वाचायला थोडंफार शिकवलंही.

पडदादा वारल्यानंतरच्या नोंदीत मुलगा आणि मुलगी अशी दोन अज्ञान वारसांची नावं लागली होती आणि त्यांची पालनकर्ती म्हणून आईचं नाव होतं. म्हणजे नवरा गेला तेव्हा ती जिवंत होती. साथ ओसरून तीनेक वर्षं झाल्यावर दुसरी नोंद. बाईनं दुसरा निका लावला, सबब तिचं नाव कमी करून मुलाचा पालनकर्ता चुलता, अशा अर्थाची. त्याच नोंदीत मुलीचं नावही गेलं होतं. त्याचं कारण दिलेलं नव्हतं. आम्हाला तर दादांना बहीण होती हेच माहीत नव्हतं.

मी थोरल्या फुपीकडे गेले. वय ऐंशीच्या पुढे, कान जरा कमी, बाकी सगळं जागेवर. तिला विचारलं, दादांची आई कधी वारली? ती बराच वेळ सुपारी कातरत राहिली. मग म्हणाली, "मरी कां गे उने? उने तो निका करके गयी थी."

आमच्या दखनी बोलीत शादी आणि निका हे दोन वेगळे शब्द आहेत. शरीयतच्या दृष्टीनं निकाह एकच. कुमारिकेचा असो की विधवेचा, तेच इजाब-कबूल, तेच दोन साक्षीदार, तोच मेहर. पण गावात शादी होते ती पहिली. हळद, मेहंदी, संदल, वरात सगळं तिला. विधवेचा किंवा तलाक झालेलीचा होतो तो नुसता निका, दिवेलागणीनंतर, चार माणसांत. शेजारच्या घरांत जसं लग्न वेगळं आणि पाट वेगळा, तसंच. म्हाताऱ्या माणसांशी बोलताना हा शब्द कानात धरून ठेवावा. "उसकी शादी फलाने गाव में हुई" आणि "उसका निका फलाने गाव में हुआ" ही दोन वेगळी विधानं असतात. आजीच्या तोंडून कोणाबद्दल निका हा शब्द आला, की तिच्या आधी एक घर होतं असं समजून पुढचा प्रश्न विचारायचा.

फुपीला आणखी एक गोष्ट आठवत होती. रमजान ईदची नमाज झाली की दादा पानांची एक जुडी फडक्यात बांधून सायकलवर निघायचे ते संध्याकाळी परत. विचारलं की सांगायचे, मौसीकडे जाऊन आलो. एका वर्षी ते फुपीला सायकलवर पुढे बसवून घेऊन गेले. कृष्णेपलीकडचं गाव, मातीचं घर, एक म्हातारी. तिनं शीरखुर्मा दिला आणि फुपीचा चेहरा दोन्ही हातांत धरून बराच वेळ बघत बसली. "वापस आते बखत मैं पूछी, अब्बा, ये कौनसी मौसी? बोले, चुप बैठ." फुपी तेव्हा आठ-दहा वर्षांची होती. म्हणजे स्वातंत्र्य मिळून गेलं होतं. आमच्या घरानं १९१८ मध्ये दफन केलेली बाई त्यानंतर तीसेक वर्षं ईदला शीरखुर्मा करत होती.

आता तिला शोधायचं कसं? पुरुषाला शोधणं सोपं असतं. तो एका गावात, एका गटावर, बापाच्या नावाखाली पडून राहतो. बाई प्रत्येक लग्नाबरोबर नाव बदलते. महसुली कागदांत विवाहित बाईच्या नावापुढे कोम किंवा भ्रतार आणि मग नवऱ्याचं नाव येतं; विदर्भाकडच्या कागदांत जौजे येतं. जौजे हा आपलाच अरबी झौजा, म्हणजे पत्नी. नवरा बदलला की कागदावरची बाई बदलली. पहिल्या फेरफारातली कोम अमुक आणि दहा वर्षांनी दुसऱ्या गावातली कोम तमुक ही एकच बाई आहे हे त्या तलाठ्यालाही माहीत असण्याचं कारण नव्हतं. तिचं स्वतःचं नाव म्हणावं तर तेही हाताला लागत नाही. फातिमाची फातमाबी, फतबी, फत्तू. हलीमाची हल्लीमा, अल्लीबी. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, आणि लिहिणाऱ्याला अरबी नावाची ओळख नाही. एका गावात एका वेळी पाच फातमाबी असत. नावं मी इथं देत नाही, ही सगळी घरं आज नांदती आहेत.

महसुली कागदांत एक जागा मात्र उपयोगी पडते. जुन्या सातबाऱ्यावर अज्ञान खातेदाराच्या नावापुढे अ.पा.क. अशी अक्षरं दिसतात: अज्ञान पालनकर्ता. मुलाच्या नावात बाप एक आणि पालनकर्त्या आईच्या नावात नवरा दुसराच, असं दिसलं की दुसरं लग्न पकडलंच समजा. तसंच शाळेचं जुनं दाखल रजिस्टर. त्यात मुलाचं नाव, बापाचं नाव आणि पालकाचं नाव जिथं वेगवेगळं असतं तिथं काही तरी घडलेलं असतं. आमच्या शाळेतल्या जुन्या रजिस्टरांतही अशी मुलं आहेत. दादांच्या दाखल्यात पालक म्हणून चुलता आहे.

खरा धागा मिळाला तो काझींच्या दप्तरात. निकाहच्या नोंदीत बाई नवऱ्याच्या नावानं येत नाही. ती येते बिन्त म्हणून, अमुकची मुलगी. पहिला निकाह असो, दुसरा असो, चौथा असो, बाप तोच राहतो. मुसलमान बाई निकाहनं नाव बदलत नाही ही गोष्ट आपण भाषणांत अभिमानानं सांगतो आणि आधार कार्डावर नवऱ्याचं नाव लावून मोकळे होतो. पण शंभर वर्षांपूर्वीची एक बाई शोधताना त्या तीन अक्षरी बिन्तचा केवढा आधार होतो ते मला त्या दप्तरापुढे बसल्यावर कळलं. फुपीला पडदादीचं माहेर माहीत होतं. माहेरच्या गावात तिच्या बापाचं नाव मिळालं. ते एकदा हाती आल्यावर नवऱ्यांची नावं माहीत नसली तरी चालणार होतं.

दप्तर मिळणं ही नशिबाची गोष्ट असते. १८८० च्या काझी कायद्यानं सरकारला काझी नेमता येत होता, पण निकाहला काझी हजर असलाच पाहिजे असं बंधन त्या कायद्यानं घातलं नाही. गावोगावी मुलाणी किंवा पेशइमाम निकाह पढवायचे, आणि ती नोंद काझीच्या दप्तरी पोचली तर पोचली. आमच्या बाबतीत पोचली होती. ज्यांच्या घरी दप्तर आहे त्यांनी फोटो काढू दिले नाहीत, हातानं उतरवून घ्यायला परवानगी दिली. उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या अकरा दुपारी मी त्यांच्या ओसरीवर बसले. शिकस्त उर्दू, तारखा हिजरी आणि मेहरच्या रकमा सियाकमध्ये, म्हणजे जुन्या हिशेबनिसांच्या आकडेलिपीत. बीएडला यातलं काही शिकवत नाहीत.

नवव्या दुपारी ती सापडली. हिजरी १३४०, म्हणजे १९२१-२२. बिन्त आणि पुढे तिच्या बापाचं नाव. दर्जा: बेवा. नोंदीत वधूचा दर्जा लिहिण्याची पद्धत आहे: बाकिरा, बेवा किंवा मुतल्लका. कुमारिका, विधवा, तलाक झालेली. नवरा तासगावकडचाच. पुढे वाचत गेले, केवळ सवयीनं. आणि सातेक वर्षांनंतरच्या पानावर पुन्हा तीच, तोच बाप, तेच माहेर. या वेळी दर्जा मुतल्लका. नवरा कृष्णेपलीकडचा, मिरज संस्थानातल्या गावचा. मेहर आधीच्यापेक्षा कमी. तिसरा निकाह. दादा ईदला जायचे ते याच गावी.

दुसऱ्यानं तलाक का दिला हे कागद सांगत नाही. मी त्या जागी काही भरायला जाणार नाही.

पण पहिल्या घरातून ती का गेली आणि मुलाला का ठेवून गेली, हे समजून घेता येतं. विधवेची इद्दत चार महिने दहा दिवस. ती तीन वर्षं थांबली होती. पदरात दोन मुलं, त्यातली एक अंगावर पिणारी. हनफी फिक्हप्रमाणे मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत आईकडे राहते. याला हिजानत म्हणतात. पण आईनं मुलाच्या जवळच्या रक्ताबाहेरच्या पुरुषाशी निकाह केला की तो हक्क संपतो आणि नानीकडे, मग दादीकडे जातो. म्हणजे त्या बाईपुढे सरळ प्रश्न होता: उरलेला जन्म दिराच्या दाराशी, की नवं घर आणि मुलाचा विरह. तिनं मुलगा ठेवला, मुलगी उचलून नेली. मुलीला कोणी अडवलं नसावं. जमीन मुलाच्या नावावर होती.

जमिनीकडे येतेच, पण आधी या शरमेबद्दल बोलू. कारण हे सगळं मी घरात सांगितलं तेव्हा पहिली प्रतिक्रिया तीच होती. चाचा म्हणाले, "तीन-तीन निका? ये बात घर के बाहर नक्को जाने दे." भाभी म्हणाली, मुलींची स्थळं यायची आहेत.

मुलांना शाळेत सीरत शिकवताना आपण हजरत खदीजा (रजि.) यांच्यापासून सुरुवात करतो. त्या दोनदा विधवा झालेल्या होत्या हे पहिल्याच धड्यात येतं. त्यांच्या आधीच्या नवऱ्याचे पुत्र हिंद बिन अबी हाला यांचं पैगंबरांच्या रूपाचं वर्णन तिर्मिजींच्या शमाइलमध्ये आहे, आणि ते विचारणारे हजरत हसन (रजि.) त्यांना आपले मामू म्हणतात. आजीच्या आधीच्या लग्नाचा मुलगा, नातवाचा मामू. सरळ, उघड. हजरत अस्मा बिन्त उमैस (रजि.) यांचे तीन निकाह झाले: जाफर बिन अबी तालिब, मग हजरत अबू बक्र, मग हजरत अली. पहिल्या दोघांपासूनच्या त्यांच्या एकेका मुलाचं नाव मुहम्मद. दोघा मुलांत कोणाचा बाप मोठा यावर वाद झाला आणि हजरत अलींनी अस्मांनाच निवाडा करायला सांगितलं, अशी रिवायत आहे. त्यांनी दोन्ही दिवंगत नवऱ्यांची थोरवी नव्या नवऱ्यासमोर सांगितली. उम्मे कुलसूम बिन्त उक्बा (रजि.) यांचे तर चार निकाह झाले. इब्न सअद नवव्या शतकात होऊन गेले. त्यांच्या तबकातचा शेवटचा भाग स्त्रियांवर आहे आणि त्यात बाईची नोंद करताना तिचे नवरे क्रमानं आणि कोणापासून कोणतं मूल झालं हे लिहिण्याची रीत आहे. वंशावळ अशी लिहितात! आपण त्यांची नावं मुलींना ठेवतो आणि आपल्या पडदादीला साथीत मारून टाकतो.

ही शरम दीनची नाही, मग आली कुठून? उत्तरेकडच्या शरीफ घराण्यांत विधवेचा निकाह कमीपणाचा मानला जात होता. रायबरेलीच्या सय्यद अहमद यांनी १८३१ मध्ये मरण येण्याआधी या रिवाजाविरुद्ध प्रचार केला आणि स्वतः भावाच्या विधवेशी निकाह केला. हालींना पुढे मुनाजात-ए-बेवा लिहावी लागली. आपल्याकडे पांढरपेशा ब्राह्मण घरांचा आदर्श समोर होता. पण गावातल्या तांबोळी, बागवान, अत्तार, मुलाणी घरांत बेवा निकाह करत होत्या, तसा शेजारच्या कुणबी-माळी घरांत पाट लागत होता. माझ्या हातातले कागद बघा. १९२१ चा तलाठी बाईचा निका एका ओळीत लिहून मोकळा होतो. काझी बेवा आणि मुतल्लका लिहून पुढचं पान उलटतो. कोणी लाजलेलं दिसत नाही. मला वाटतं लाज नंतर आली, आमच्या घरात पहिली नोकरी आली, सिमेंटचं घर आलं, तेव्हा. पान विकणाऱ्याच्या आईचे तीन निकाह कोणाला खटकत नव्हते. क्लार्कच्या आजीचे खटकायला लागले. कोणी तरी तिला मारून टाकलं आणि ते सोयीचं पडलं.

शरमेच्या मागे जमीन होती. हे मला चाचांच्या दुसऱ्या वाक्यात कळलं. "कल को वो लोगां हिस्सा मांगेंगे तो?"

मी वहीवर हिशेब मांडून दाखवला. पडदादांच्या मागे बायको, एक मुलगा, एक मुलगी. आईबाप आधीच गेलेले. कर्ज-वसियत काही नाही असं धरू. फराइजप्रमाणे २४ वाटे करायचे. बायकोचा आठवा हिस्सा, म्हणजे ३. उरलेल्या २१ पैकी मुलाला १४, मुलीला ७. बायकोचे ३ तिच्या दुसऱ्या निकाहनं जात नाहीत. हे लक्षात घेण्यासारखं आहे, कारण १८५६ च्या हिंदू विधवा पुनर्विवाहाच्या कायद्यानं पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेतला हक्क काढून घेतला होता. आमच्या गावचा तलाठी आणि आमचा चुलत पडदादा शरीयतनं नाही, त्या रिवाजानं चालले. पुढे १९३७ चा शरीयत कायदा आला, त्यातही शेतजमीन बाहेरच ठेवलेली होती. म्हणजे २४ पैकी १० वाटे, बाईचे ३ आणि मुलीचे ७, एका फेरफारात उडाले. चाचा हाजी आहेत. त्यांनी वही दोनदा वाचली आणि चष्मा काढून ठेवला. "इतना पुराना कौन निकालता," म्हणाले.

फराइजमधली आणखी एक गोष्ट मला तोपर्यंत नुसती पाठ होती. भावंडं तीन प्रकारची: सख्खी ती ऐनी, बाप एक ती अल्लाती, आई एक आणि बाप वेगळे ती अख़्याफी. कोणी मूल-बाप मागे न ठेवता वारला तर अख़्याफी भावंडांचा वाटा कुरआननं सूरह निसामध्ये ठरवून दिला आहे: एक असेल तर सहावा, जास्त असतील तर सगळ्यांत मिळून तिसरा, आणि त्यात भाऊ-बहीण समान. म्हणजे आई वारंवार निकाह करेल, तिची मुलं वेगवेगळ्या घरांत वाढतील आणि तरी ती एकमेकांची वारस असतील हे तिथं धरून चाललं आहे. पडताळणीच्या वंशावळीत अशा भावंडांना जागाच नाही. दादांना तिसऱ्या घरची तीन अख़्याफी भावंडं होती. त्या घरी मी जाऊन आले. तिथं पडदादीला माहेरच्या गावाच्या नावानं ओळखायचे; म्हाताऱ्यांना ते आठवतं, खरं नाव नाही. खरं नाव मी सांगितलं. त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिलं. तिथल्या कब्रस्तानात तिची जागा दाखवली, निंबाच्या बाजूला, दगड नाही.

राहिली ती मुलगी. दोन घरं फिरलेली, दोन सावत्र बापांच्या हाताखाली वाढलेली. तिचं नाव कुठल्याही सातबाऱ्यावर नव्हतं. मी काझींच्या दप्तरात आणखी पुढे गेले, ती लग्नाच्या वयाची होईल त्या वर्षांपर्यंत. आणि होती. बाकिरा, बिन्त आणि पुढे माझ्या पडदादांचं नाव. कुरआनचा हुकूम आहे, मुलांना त्यांच्या खऱ्या बापांच्या नावानं हाक मारा. निकाहच्या वेळी कोणी तरी, बहुधा तिच्या आईनंच, काझीला खऱ्या बापाचं नाव सांगितलं होतं. आमच्या घरानं तिला फेरफारातून काढलं होतं आणि ती पंधरा वर्षांनी आमचंच नाव घेऊन निकाहाला बसली होती. निकाहाचं गाव कऱ्हाडजवळचं.

तिथवर पोचायला फार वेळ लागला नाही. तांबोळ्यांची घरं मोजकी, आठवडी बाजारात एकमेकांना ओळखणारी. तिची थोरली मुलगी हयात आहे, फुपीच्याच वयाची. फोनवर मी आमच्या गावाचं नाव सांगितलं. पलीकडे शांतता. मग तिनं विचारलं, "वो पानवाले मामू के घर की है क्या तू?"

म्हणजे दादा तिथंही जात होते. आमच्या घरात जिला मौसी म्हणायचे ती आई होती. तिथं ज्यांना मामू म्हणायचे ते मामूच होते.

निघताना चाचांचा फोन आला. कागद नेऊ नको, नुसती भेटून ये. मी दोन्ही फेरफारांच्या नकला आणि वही पिशवीत टाकली. अब्बा काही बोलले नाहीत, पण बसपर्यंत सोडायला आले आणि त्यांनी सीटवर पानाची जुडी ठेवली.

म्हातारीला दिसतं कमी. तिनं पहिली नक्कल मांडीवर घेतली आणि माँचं नाव कुठं आहे ते दाखव म्हणाली. मी तिचं बोट धरून मोडीच्या ओळीवर ठेवलं आणि नाव वाचलं. तिनं ते बोट बराच वेळ तिथून हलवलं नाही. मग दुसरी नक्कल घेतली. यात कुठंय, विचारलं. यात नाही, मी म्हटलं, आणि वही उघडली.